थेट प्रक्षेपणासाठी प्रोसेसर कोणता घ्यावा?

(वसंत व्याख्यानमालेत भिवंडी येथे दिलेले व्याख्यान)



वसंत व्याख्यानमालेत कोणत्या विषयांवर बोलावे याविषयी आपल्याकडे काही संकेत ठरून गेले आहेत. संतवाङ्मय, इतिहास, अर्थकारण, आरोग्य, फार तर एखादे प्रवासवर्णन. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यास या प्रथेचा पाया घातला, त्याला आता दीडशे वर्षे झाली. एवढ्या काळात ‘बाजारातून कोणते यंत्र विकत आणावे’ असा विषय व्यासपीठावर क्वचितच आला असेल. त्यामुळे मंडळाने हा विषय सुचविला तेव्हा आम्ही प्रथम संकोचलो. परंतु ज्या यंत्राच्या योगे आमचे हे शब्द या घटकेला सभागृहाबाहेर, घराघरांत ऐकू जात आहेत, त्याच यंत्राची ही हकीकत आहे. ते आपल्या वर्गणीतून घेतलेले आहे. तेव्हा ते कसे निवडले, कोठे चुकलो आणि त्या चुकीतून काय शिकलो, याचा हिशेब आपल्यापुढे मांडणे हे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

आरंभ एका चुकीपासूनच करतो. दोन वर्षांपूर्वी याच व्यासपीठावर पाणी आणि पूर या विषयावर एक उत्तम व्याख्यान झाले. सभागृह भरले होते आणि चाळीसएक मंडळी घरी बसून थेट प्रक्षेपण पाहत होती. त्यांत एक वृद्ध शिक्षक होते. तीस वर्षे त्यांनी दुसऱ्या रांगेतली कडेची खुर्ची सोडली नव्हती. पण खुब्याचे हाड मोडल्यापासून त्यांना जिना चढता येईना, म्हणून आता ते अंथरुणावरूनच ऐकत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा दूरध्वनी आला. म्हणाले, “अहो, वक्ते कामवारीच्या पुराविषयी काही सांगू लागले होते, आणि नेमके तिथेच चित्र थिजले. पुढे काय म्हणाले हो ते?”

आम्ही सभागृहातच होतो. परंतु त्या वेळी आमचे सारे लक्ष त्या अडलेल्या यंत्राकडे होते, त्यामुळे ते वाक्य आम्हांलाही सांगता आले नाही. ध्वनिचित्रमुद्रण पाहावे तर तेही त्याच यंत्रावर झालेले, तिथेही तोच खंड पडलेला. वक्त्यांना पत्र लिहून विचारले. पण ते लिहून आणलेले भाषण नव्हते, बोलण्याच्या ओघात आलेले होते. त्यांनाही ते आठवले नाही. ते वाक्य गेले ते गेलेच.

आता यंत्र अडले ते कशामुळे? मंडळात सर्वांचे एकमत झाले की दोष इंटरनेटच्या जोडणीचा. चित्र थिजले की आपण सारे प्रथम जोडणीलाच दोष देतो, आणि पुष्कळदा तो खराही असतो. म्हणून आम्ही दुप्पट वेगाची जोडणी घेतली आणि दरमहा जादा पैसे भरू लागलो. पुढच्या व्याख्यानाला चित्र पुन्हा थिजले. तेव्हा मदतीला येणाऱ्या एका विद्यार्थ्याने ओबीएस स्टुडिओ या मोफत सॉफ्टवेअरमधली आकडेवारीची खिडकी उघडून आमच्यापुढे धरली. आम्ही ते सॉफ्टवेअर वर्षभर वापरीत होतो, पण ती खिडकी एकदाही उघडली नव्हती!

तिच्यात वाया गेलेल्या फ्रेम तीन निरनिराळ्या खात्यांवर मांडलेल्या असतात. पहिले खाते चित्र रचताना झालेल्या उशिराचे. ते ग्राफिक्सच्या अंगाचे. दुसरे एन्कोडिंगच्या उशिराचे, म्हणजे प्रोसेसरच्या किंवा एन्कोडरच्या अंगाचे. तिसरे जोडणीत गळालेल्या फ्रेमचे. आमच्याकडे तिसऱ्या खात्यावर शून्य होते आणि दुसऱ्या खात्यावरचा आकडा डोळ्यांदेखत चढत होता. म्हणजे रस्ता मोकळा होता. गाडीच वखारीतून वेळेवर निघत नव्हती. तेव्हा श्रोतेहो, नवीन प्रोसेसरचा विचार करण्याआधी ही तीन खाती तपासावीत, हा आमचा पहिला सल्ला. दुखणे दुसऱ्या खात्याचे नसेल, तर कितीही भारी प्रोसेसर आणला तरी गुण येणार नाही.

आता प्रोसेसरला हे काम जड का जाते ते पाहू. कॅमेऱ्यातून येणारे चित्र म्हणजे ठिपक्यांची चौकट. रुंदीत १,९२० आणि उंचीत १,०८० ठिपके धरले तर एका चौकटीत, म्हणजे एका फ्रेममध्ये, २०,७३,६०० ठिपके होतात. आपल्या देशात विजेचा प्रवाह सेकंदाला ५० आवर्तनांचा आहे. दिव्यांची लुकलुक चित्रात उतरू नये म्हणून आपल्याकडे सेकंदाला २५ फ्रेम घेणे सोयीचे पडते. दर ठिपक्याला सरासरी १२ बिट धरले, तर सेकंदाला सुमारे ६२ कोटी बिट होतात. आणि आपण जोडणीवरून पाठवितो किती? आमच्या सभागृहातून ४५ लाख. म्हणजे सुमारे १३८ भागांपैकी एकच भाग पुढे जातो. बाकीचे १३७ भाग असे गाळावे लागतात की पाहणाऱ्याला त्यांचा अभाव जाणवू नये.

हे गाळण्याचे काम म्हणजे एन्कोडिंग. २००३ साली ठरलेल्या एच. २६४ या पद्धतीत प्रत्येक फ्रेमचे १६ गुणिले १६ ठिपक्यांचे चौकोन पाडतात. आपल्या आकाराच्या फ्रेमचे असे ८,१६० चौकोन होतात. प्रत्येक चौकोनापुढे प्रश्न असा की, हा मागच्या फ्रेममध्ये जसा होता तसाच आहे काय? असल्यास ‘पूर्ववत’ एवढीच नोंद पुरते. सरकला असल्यास कोणत्या दिशेने व किती? अगदीच नवा असल्यास थोडक्यात कसा लिहावा? हे सारे शोध सेकंदाच्या पंचविसाव्या भागात पुरे व्हावे लागतात, कारण तोवर पुढची फ्रेम दारात येऊन उभी असते. दीड तासाच्या व्याख्यानात अशा १,३५,००० फ्रेम येतात.

या कामाचा खरा स्वभाव येथेच आहे. घरी बसून एखाद्या चित्रफितीचे एन्कोडिंग करावयाचे असेल तर प्रोसेसर मंद असला तरी बिघडत नाही. तासाचे काम तीन तासांनी होईल, एवढेच. थेट प्रक्षेपणात ती सवलत नाही. उशिरा झालेले काम हे न झालेलेच समजावयाचे. त्यामुळे ‘हा प्रोसेसर जास्तीत जास्त किती धावतो’ हा प्रश्न येथे गौण आहे. ‘हा दीड तास, भर वैशाखात, एकदाही न चुकता वेळ गाठतो काय’ हा खरा प्रश्न. आजच्या आमच्या सगळ्या सांगण्याचे सार एवढेच आहे. पुढचा सारा तपशील या एका वाक्यातून निघतो.

भिवंडीकरांना तर हा विषय परका वाटण्याचे कारणच नाही. जोसेफ जॅकार या फ्रेंच कारागिराने १८०४ च्या सुमारास भोके पाडलेल्या पत्त्यांच्या माळेवर चालणारा माग सिद्ध केला. भोक असेल तेथे धागा उचलला जाई, नसेल तेथे खाली राही. हीच पत्त्यांची युक्ती इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेज यांनी १८३० नंतरच्या दशकात आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी उचलली. आणि जॅकारचे रेशमात विणलेले एक चित्रही त्यांनी आवडीने जवळ बाळगले होते. म्हणजे संगणकाचे आणि मागाचे गोत्र एकच म्हणावयाचे. आपल्या मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली टिफ्रॅक हा देशी बांधणीचा संगणक कार्यान्वित झाला. त्याला एक दालन व्यापावे लागले. १९७१ साली इंटेलने ४००४ हा एकाच चकतीवरचा प्रोसेसर बाजारात आणला, त्यात सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते. आज साध्या प्रोसेसरमध्येही ही संख्या शेकडो कोटींत मोजतात. पण धागा उचलावा की न उचलावा, हा मूळ प्रश्न तोच राहिला आहे.

आता दुकानात ज्या शब्दांचा भडिमार होतो, त्यांतले कामाचे तेवढे घेऊ.

पहिला शब्द ‘कोर’. कोर म्हणजे प्रोसेसरच्या आतला एक स्वतंत्र गणक. चार कोर म्हणजे एका छपराखाली चार माग. पुष्कळ गणक एकत्र जुंपून मोठे काम उरकण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही; पुण्याच्या सी-डॅकने १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक याच तत्त्वावर उभारला. परंतु श्रोतेहो, एकच लुगडे सोळा मागांवर वाटून विणता येत नाही. एन्कोडिंगचे काम काही मर्यादेपर्यंत कोरांत वाटता येते. पण प्रत्येक फ्रेम मागच्या फ्रेमवर अवलंबून असल्यामुळे त्या मर्यादेपुढचे कोर हात बांधून बसतात. दोनाचे चार कोर केले तर फरक मोठा, चाराचे सहा केले तर चांगला. आणि आठाचे सोळा केले तर आमच्यासारख्या एका प्रक्षेपणाला तो दिसतही नाही.

दुसरा शब्द ‘गिगाहर्ट्‌झ’. हा एकेका कोराच्या ठोक्यांचा वेग. केवळ या आकड्यावरून दोन प्रोसेसरांची तुलना करू नये. दहा वर्षांपूर्वीचा आणि आजचा प्रोसेसर सारख्याच ठोक्यांचे असले तरी एका ठोक्यात आजचा पुष्कळ अधिक काम उरकतो.

तिसरा शब्द सर्वांत महत्त्वाचा, आणि दुकानदार तो सहसा आपण होऊन काढीत नाही. तो म्हणजे हार्डवेअर एन्कोडर. कोर हा हातमागावरच्या कसबी विणकरासारखा असतो. सांगाल ते नक्षीकाम तो करील, पण प्रत्येक धागा त्याला स्वतः हाताळावा लागतो. हार्डवेअर एन्कोडर म्हणजे प्रोसेसरच्या अंगातच बसविलेला यंत्रमाग. त्याला दुसरे काहीही येत नाही, परंतु एन्कोडिंगचे एकच काम तो अल्प विजेत आणि कोरांना फारसा त्रास न देता करतो. इंटेलने २०११ साली ‘क्विक सिंक’ या नावाने तो आपल्या प्रोसेसरमध्ये आणला. पुढच्याच वर्षी एनव्हिडिया आणि एएमडी यांनी आपापल्या ग्राफिक्समध्ये तशी सोय केली. प्रारंभीच्या त्या यंत्रमागांचे कापड जाडेभरडे निघे, आणि जाणकार म्हणत की कोरांवर चालणाऱ्या एक्स २६४ या एन्कोडरची सर त्याला नाही. तेव्हा ते खरेही होते. पुढे मात्र हे यंत्रमाग सुधारले. आजच्या प्रतीत आणि एक्स २६४ च्या वेगवान प्रतीत व्याख्यान पाहणाऱ्याच्या डोळ्यांना भेद सांगता येणार नाही.

आमची खरी पंचाईत झाली ती सल्ल्यांच्या गर्दीमुळे. मंडळातल्या एका सभासदांचा पुतण्या संगणकाचा मोठा षोकी. तो म्हणाला, “काका, घ्यायचाच तर सोळा कोरांचा रायझन घ्या. स्ट्रीमिंग करणारे सगळे तेच सांगतात.” मुलगा खोटे बोलत नव्हता. थेट प्रक्षेपणासाठी वेगळा संगणक ठेवण्याची रीत मुख्यतः संगणकावरचे खेळ दाखविणाऱ्या मंडळींमुळे रूढ झाली. ते एका यंत्रावर खेळतात, आणि खेळाला अडथळा नको म्हणून चित्र तारेने दुसऱ्या यंत्राकडे देऊन तेथे एन्कोडिंग करतात. २०१७ सालापर्यंत घरगुती वापराच्या प्रोसेसरांत चार कोर म्हणजे शिकस्त समजत. त्या वर्षी एएमडीने रायझन मालिकेत आठ कोर माफक किमतीत दिले, तेव्हा या मंडळींना पर्वणी वाटली. त्यांच्या पडद्यावर सेकंदाला ६० फ्रेम असतात आणि प्रत्येक फ्रेममधले रान, धूर, धावणारी माणसे सारेच हलत असते. त्यांना शक्तिमान प्रोसेसर लागला तर नवल नाही.

पण आपल्या पडद्यावर काय असते? एक वक्ता, एक मेज, पाण्याचा तांब्या, मागे संस्थेचा फलक. हलतात ते वक्त्याचे ओठ आणि हात. त्या ८,१६० चौकोनांपैकी बहुतेकांपुढे ‘पूर्ववत’ एवढीच नोंद होते. एक्स २६४ मध्ये कामाची बारकाई ठरविणाऱ्या पायऱ्या असतात. ‘व्हेरी फास्ट’ ही भराभर उरकणारी, ‘मीडियम’, ‘स्लो’ या अधिक कष्टाच्या. धावत्या खेळात वरची पायरी घेतली तर चित्र सुधारलेले दिसते. आपल्या स्थिर चित्रात ‘व्हेरी फास्ट’ने सारे साधते. म्हणजे दुसऱ्याच्या शेतातला सल्ला आपल्या वाफ्यात पेरावयाचा नाही. शिवाय पुतण्याने सुचविलेल्या रायझन ५९५० एक्स या सोळा कोरांच्या प्रोसेसरला अंगचे ग्राफिक्स मुळीच नाही. म्हणजे पडद्यावर चित्र उमटावे म्हणून आणखी एक कार्ड विकत घ्यावे लागले असते.

मग आम्ही लॅमिंग्टन रोडला गेलो. आता त्या रस्त्याचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे आहे, पण संगणकाच्या गिऱ्हाइकाला जुने नावच ठाऊक. खिशात एकंदर साठ हजार रुपये होते आणि त्यांत संगणकच नव्हे, तर सारेच बसवावयाचे होते. आम्ही ठरविले होते की सहा कोर असावेत, विजेचा गट ६५ वॅटचा असावा आणि हार्डवेअर एन्कोडर अंगचाच असावा. या मापात बसणारे दोन प्रोसेसर आमच्या टिपणात होते : जानेवारी २०२२ मध्ये जाहीर झालेला इंटेलचा कोअर आय-५ १२४००, आणि २०२१ चा एएमडी रायझन ५ ५६०० जी.

पहिल्याच दुकानात विक्रेता म्हणाला, “साहेब, हाच घ्या, पण एफवाला घ्या. वस्तू तीच, पैसे कमी.” आम्ही जवळजवळ होकार देऊन बसलो होतो. पण वस्तू तीच नव्हती. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावापुढे ‘एफ’ हे अक्षर असले की अंगचे ग्राफिक्स बंद असते, आणि त्याबरोबर क्विक सिंकही जाते. वेगळे ग्राफिक्स कार्ड घेणाऱ्या गिऱ्हाइकाला एफ हा खरोखरच किफायतशीर. आम्हांला मात्र तो यंत्रमाग काढून घेतलेला कारखाना ठरला असता. एएमडीच्या बाबतीत हा भेद उलट्या बाजूने पाहावा लागतो. ५००० च्या मालिकेपर्यंत सर्वसाधारणपणे ‘जी’ अक्षर असेल तरच अंगचे ग्राफिक्स. २०२२ च्या ७००० मालिकेपासून बहुतेकांत ते आहेच, एफ असलेले वगळून. श्रोतेहो, औषधाच्या बाटलीवरचे नाव आपण शेवटच्या अक्षरापर्यंत वाचतो. प्रोसेसरचेही तसेच वाचावे.

आम्ही शेवटी आय-५ १२४०० घेतला, एफ नसलेला. त्यावर एकूण रकमेचा चौथा भागही गेला नाही.

पण विकत आणला म्हणजे निवड संपली असे आम्ही मानले नाही. आमच्या गावाची हवा आपण जाणता. मागांच्या खडखडाटाबरोबर हवेत सुताचे बारीक तंतू तरंगतात. ते खिडकीच्या जाळीवर बसतात, पंख्याच्या पात्यावर बसतात आणि संगणकाच्या पंख्यावरही बसतात. प्रोसेसर तापला की स्वतःच्या रक्षणासाठी आपला वेग आपणच उतरवितो. म्हणजे दुकानातल्या थंड खोलीत जो शंभर नंबरी ठरला, तो इथे तंतूंनी पंखा कोंदल्यावर अर्ध्या वेगाने रांगू लागतो. आमच्या जुन्या संगणकाचे तेच झाले होते. दोन कोरांचा, आधीच जेमतेम. त्यात तो उघडला तेव्हा आतल्या धातूच्या पट्ट्यांवर कापसाची अक्षरशः गादी निघाली. विजेची भूक मोठी तेवढी उष्णता अधिक, आणि उष्णता अधिक तेवढा पंखा हवा ओढून तंतू आत घेणार. ६५ वॅटचा गट आम्ही निवडला तो यासाठीच.

म्हणून मे महिन्यातल्या एका दुपारी, सभागृहाची दारे लावून, पंखे चालू ठेवून, आम्ही नव्या यंत्राची दोन तास परीक्षा घेतली. कोणाला न दिसेल असे खाजगी प्रक्षेपण चालू केले, दोन कॅमेरे जोडले, शेजारी मुद्रणही लावले आणि ती आकडेवारीची खिडकी उघडून बसलो. क्विक सिंकवर प्रोसेसरचा पाचवा हिस्साही वापरला गेला नाही. मग तेच काम मुद्दाम कोरांवर, एक्स २६४ वर टाकून पाहिले. तेव्हाही तिसऱ्या हिश्शापुढे काटा गेला नाही. दुसऱ्या खात्यावर दोन्ही वेळा शून्य. कोणी म्हणेल, मग उरलेली शक्ती फुकटच गेली. आम्ही तसे समजत नाही. भरल्या सभेत दाराजवळची वाट मोकळी ठेवतात, ती जागा वाया गेली असे कोणी म्हणत नाही. प्रक्षेपणाच्या यंत्राचा निम्मा दम नेहमी राखीव असावा. उष्मा, तंतू आणि वर्षांचा झिजवटा तो हळूहळू खातच असतो.

आणखी एक गोष्ट प्रोसेसर निवडण्याइतकीच मोलाची आहे, आणि तिला पैसे पडत नाहीत. ती म्हणजे हे यंत्र दुसऱ्या कोणत्याही कामाला न लावणे. आमच्या जुन्या संगणकावर सभासदांची यादी होती, वर्गणीचा हिशेब होता, पत्रे छापली जात. भर व्याख्यानात पावती छापण्याची आज्ञा गेली, किंवा यंत्राने आपण होऊन नवी सुधारणा उतरवून घ्यावयास प्रारंभ केला, की कोर तिकडे धावत. स्वतंत्र यंत्र म्हणजे अधिक मोठे यंत्र नव्हे. त्याचे चित्त एका ठिकाणी, एवढाच त्याचा अर्थ.

आता दोन-तीन शंकांना उत्तर देतो.

एक शंका अशी की, हातातल्या मोबाइलवरून प्रक्षेपण होतेच, मग संगणकाचा खटाटोप कशाला? शंका रास्त आहे. मोबाइलच्या चकतीतही हार्डवेअर एन्कोडर असतो आणि एक कॅमेरा, एक वक्ता एवढेच काम असेल तर तिवईवर ठेवलेला चांगला मोबाइल पुरतो. ज्या संस्थेची गरज एवढीच आहे तिने संगणक घेऊच नये. दोन कॅमेरे, ध्वनिक्षेपकातून थेट आलेला आवाज, पडद्यावरची चित्रे आणि त्याच वेळी उत्तम मुद्रण, हे सारे एकत्र बांधावयाचे असेल तेव्हाच स्वतंत्र यंत्राला अर्थ आहे.

दुसरी शंका गरिबीची. साठ हजारही प्रत्येक संस्थेला कोठून परवडणार? त्यांनी कार्यालयांतून निवृत्त झालेले, चार-सहा कोरांचे जुने संगणक पाहावेत. त्यांत क्विक सिंक असण्याचा संभव मोठा. मात्र इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढची आहे ना, हे पाहून घ्यावे. विंडोज १० ची नेहमीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, आणि विंडोज ११ त्याहून जुन्या पिढ्यांना सहसा स्वीकारीत नाही. लिनक्सवर ओबीएस मोफत चालते, हाही एक मार्ग आहे.

तिसरी शंका भविष्याची. एव्ही १ ही नवी पद्धत २०१८ साली जाहीर झाली आणि २०२२ पासून काही ग्राफिक्स कार्डांत तिचे हार्डवेअर एन्कोडर आले आहेत. तेवढ्याच बिटांत ती अधिक स्वच्छ चित्र देते. उद्या ती सर्वत्र होईल तेव्हा यंत्रात एक कार्ड बसविता येईल. उद्याच्या लग्नाची आजच पंगत मांडण्याचे कारण नाही.

प्रोसेसरवर वाचलेल्या पैशांचे काय केले, हेही सांगितले पाहिजे. त्यांतून एक चांगला ध्वनिग्राहक घेतला, कारण चित्र थोडे धूसर चालते, शब्द धूसर चालत नाही. संगणक आणि इंटरनेटचा राउटर अशा दोहोंना मिळून एक यूपीएस घेतला. संगणक चालू आणि राउटर बंद, असा प्रसंग आमच्यावर एकदा ओढवला होता. आणि एक मऊ कुंचला घेतला. त्याने दर पंधरवड्याला पंख्यावरचे तंतू काढावयाचे काम त्या विद्यार्थ्याकडे आहे. एकूण खर्चात हा कुंचला सर्वांत स्वस्त, आणि आमच्या मते सर्वांत उपयोगी.

श्रोतेहो, या व्यासपीठांवरून आमच्या वाडवडिलांनी ऐकलेल्या कितीतरी व्याख्यानांचा आज एक शब्दही शिल्लक नाही. त्या वेळी साधन नव्हते, त्याला इलाज नव्हता. आज साधन आहे, आणि ते फार महागही नाही. फक्त ते आपल्या कामाच्या मापाने निवडावे लागते. मोठेपणासाठी घेतलेला सोळा कोरांचा प्रोसेसर आणि आळसाने चालविलेला दोन कोरांचा जुना संगणक, ही दोन्ही एकाच चुकीची रूपे आहेत. दोहोंतही, आपले काम नेमके काय आहे हे कोणी विचारलेले नसते.

गेल्या वर्षीच्या सहाही व्याख्यानांत दुसऱ्या खात्यावर शून्य राहिले. ते गुरुजी सहाही दिवस घरून ऐकत होते. आजही ऐकत असतील. त्यांच्या दुसऱ्या रांगेतल्या खुर्चीवर आता दुसरे कोणी बसते, आणि ते योग्यच आहे. सभागृहातली खुर्ची रिकामी ठेवून कोणाचा सन्मान होत नाही. पण त्यांचे गेलेले ते एक वाक्य आम्ही त्यांना परत देऊ शकलो नाही, याची खंत आहे. पुढे कोणाला सकाळी दूरध्वनी करून ‘पुढे काय म्हणाले हो ते’ असे विचारावे लागू नये, एवढ्यासाठीच हा सारा खटाटोप.